तबक आईपुढून गेलं

१ मार्च, रविवार

आज काय झालं, क्रमाने:

१. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. आईसोबत गेले. तिला रिक्षातून एकटीने उतरता येत नाही, म्हणून मी जाते.
२. भोजनाआधी पाळकांनी (पुढे पा.) नवा नियम सांगितला. ज्यांनी शुभवर्तमान स्वतः वाचलं आहे, ज्यांना त्यावर विचारलेलं सांगता येतं, त्यांनाच भाकर आणि प्याला. बाकीच्यांसाठी दर शुक्रवारी वाचनवर्ग. तयार झाले की त्यांनाही.
३. तबक माझ्यापुढे आलं. मला कोणी काही विचारलं नाही. डिप्लोमा झालेली मुलगी, वाचलंच असणार. मी घेतलं.
४. तबक आईपुढून गेलं. तिने हात पुढे केला होता. मंडळीचे पंच सदानंदकाका तबक फिरवत होते, त्यांनी ते तिच्या हातावरून पलीकडे दिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.
५. आईने हात पदरात घेतला.
६. घरी येईपर्यंत हात पदरातच होता.

बाकी उद्या. आज नको.

२ मार्च

तांदळाच्या मिलमध्ये दिवसभर सॉर्टेक्स, कॅमेऱ्याने काळे दाणे वेगळे काढणारं यंत्र. सकाळपासून चांगला तांदूळही काळ्या दाण्यात फेकत होतं. कॅमेऱ्याच्या काचेवर कोंड्याचा थर होता. पुसली, परत सेट केलं, झालं. मालक म्हणाले, "मॅडम, मशीन पगलावून गेली होती का?" मशीन वेडी होत नाही. तिला जे दिसतं त्यावर ती ठरवते.

घरी आले तर आई नेहमीच्या जागी, मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा. बिड्या वळत होती. वर न बघता म्हणाली, "भाजी झाकून ठेवली आहे."



४ मार्च, धुळवड

मिल बंद. शेवंताकाकू शेजारून रंग घेऊन आल्या. त्याही बिड्या वळतात, पण आज सूप भिंतीला टेकवलेलं. आईला गालावर बोटभर गुलाल लावला. आमच्याकडे रंग खेळत नाहीत, पण काकूंना नाही म्हणायची पद्धत इथे कोणाच्यात नाही.

आईने त्यांनाच सगळं सांगितलं. मला नाही सांगितलं.

काकू: "म्हंजे परीक्षा पास झाली तरच परसाद? तुमचा देव शाळामास्तर झाला का वो?"

आई हसली. रविवारनंतर पहिल्यांदा.

"परसाद नाई ना तो, शेवंता."

"मंग काय आहे?"

आईने गालावरचा गुलाल पदराने पुसला. मग म्हणाली, "माह्यं नाव घेऊन बोलावल्यासारखं वाटते. एवढंच."

हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं तिच्या शेजारी बसते आहे.

६ मार्च, शुक्रवार

आई पहिल्या वर्गाला गेली. मला रजा नव्हती, शेवंताकाकूंच्या सुनेने सोडलं. सहा जण होते म्हणे, पाच बायका आणि एक म्हातारा. पा. नी शुभवर्तमानातली कोणतीही एक गोष्ट सांगायला सांगितली. आई उभी राहिली आणि तिला एक शब्द आठवला नाही.

"सगळं माईत आहे मले. पन तोंडात आलंच नाई. हात असे लटकून होते." तिने हात दाखवले.

पा. म्हणाले, काही हरकत नाही मावशी, पुढच्या वेळी.

चांगलं बोलले. तरी ती जेवली नाही.

८ मार्च, रविवार

उपासना संपल्यावर पा. ना भेटले. आई बाहेर चपलांजवळ थांबली.

पा. वयाने माझ्याहून थोडेच मोठे. नगरकडचे. बोलणं पुस्तकी, पण ओरडून बोलत नाहीत. मला अपेक्षा होती की ते अडून बसतील. त्यांनी खुर्ची पुढे केली.

मी विचारलं: ज्याला वाचता येत नाही त्याचा विश्वास अपुरा का?

ते म्हणाले, "ताई, मी इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात दवाखान्यात गेलो होतो. तुमच्या आईंना बघायला. आठवतं?"

आठवतं.

(लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी मी नागपूरला होते तेव्हा एक फिरता उपदेशक इथे यायचा. बायका त्याला तेलवाले भाऊ म्हणत. प्रार्थना केलेलं तेल द्यायचा. आईला म्हणाला, शुगरच्या गोळ्या सोड, असं लिहिलेलं आहे. आईने सोडल्या. पायाला जखम झाली, चिघळली. उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. तेलवाले भाऊ पुन्हा आले नाहीत.)

पा.: "तो म्हणाला, लिहिलेलं आहे. कोणी उघडून पाहिलं नाही. मी कोणाला शिक्षा करत नाहीये. पुढचा असा कोणी आला तर यांच्या हातात काहीतरी असावं, एवढंच."

मी: "तोवर भाकर बंद?"

पा.: "त्याशिवाय कोणी वर्गाला येतं का? तुम्हीच सांगा."

हे खरं आहे. ते खरं आहे याचाच राग आला.

बाहेर आईने विचारलं, "काय म्हनले?"

"शिका म्हणाले."

"हं." चप्पल घालायला तिला वेळ लागतो. बोटाच्या रिकाम्या जागी कापडाची घडी ठेवावी लागते.

११ मार्च

आईला शिकवायला बसले. पाटी आणली. आधी 'म', मग 'र', मग 'क'.

'क' ला म्हणाली, "हा सूप धरून बसला आहे." 'र' ला काही सुचलं नाही. दहाव्यांदा 'म' विचारला तर हात सुपाकडे.

मी जरा जोरात बोलले. तीही.

"पन्नास वर्सं गेली माही. आता हा 'म' येऊन काय करन? देवाले 'म' आल्याबिगर माह्यं आयकू येत नाई का?"

"देवाचा नियम नाही, पा. चा आहे."

"मंग तू त्याहिले सांग ना. तू शिकलेली आहेस."

पाटी कपाटावर ठेवून दिली. दोघी थकलो होतो. मला दिवसभर मशीनचा आवाज, तिला पत्ता कापून बोटं कडक. अशा दोन माणसांनी काही शिकू नये, शिकवूही नये.

१४ मार्च, शनिवार

नागपूरचा काळ सोडला तर रोज संध्याकाळी मी आईला एक भाग वाचून दाखवते. ती बिड्या वळत ऐकते. बाबा गेले त्या वर्षापासून. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. बाबांचे भाऊ सिहोऱ्याहून आले होते ते बाहेरच उभे राहिले, आणि तसेच परत गेले. त्यानंतर माझं वाचणं तेवढं टिकलं, बाकीचं कधी गेलं ते सांगता येत नाही. कोणत्या दिवशी असं काही नाही. मशीनचा एखादा पट्टा सैल होत जातो तसं.

आज वाचताना मोबाईल वाजला, मिलमधून. मी बोलायला उठले. परत आले तर आई थांबली नव्हती. पुढची गोष्ट स्वतःच सांगत होती, पत्ता फर्म्यावर धरून कापत, जर्दा भरत, वळत, दोरा बांधत. एकेक वाक्य एकेका बिडीला. शब्द तिचे, पण क्रम पुस्तकातला.

दारात उभी राहून ऐकलं. मी आले हे कळल्यावर ती थांबली.

"वर्गात हे का नाही सांगितलं?"

"तथी सूप कुठं होतं?"

१५ मार्च, रविवार

पा. ना सांगितलं: नियमाचा पहिला भाग, वाचनाचा, सोडून आईला तपासा. वाचायला लावू नका. घरी या, तिला काम करताना सांगू द्या.

पा. थोडे हसले. "तंबाखूच्या सुपासमोर शुभवर्तमान?"

"बिडीवर तुम्ही अजून नियम केलेला नाही."

मी हे असं बोलायला नको होतं. पण ते रागावले नाहीत. शुक्रवारी वर्गाऐवजी येतो म्हणाले. सदानंदकाकांनाही आणतो म्हणाले, मंडळीचे पंच म्हणून.

आईला सांगितलं. "घर सारवा लागन," म्हणाली. फरशी आहे आमच्याकडे. तरी पुसून घेतली, दोनदा.

१९ मार्च

सॉर्टेक्स नीट. ऊन वाढलंय. आईने उद्यासाठी कोणती गोष्ट सांगायची ते ठरवलं आहे. मला सांगितलं नाही. तिचं आवडतं माणूस त्यात आहे म्हणाली, एवढंच.

जेवताना अचानक विचारलं, "तू रोज वाचतेस. तुले काई होते का वाचून?"

खोटं बोलता आलं असतं.

"नाही."

"मंग थकत असशीन बाप्पा," म्हणाली, आणि माझ्या ताटात अजून भात वाढला.

२० मार्च, शुक्रवार

पा. आणि सदानंदकाका संध्याकाळी आले. चहा दिला. शेवंताकाकू कारण नसताना दारात बसल्या. आईने सूप मांडीवर घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सुरू केलं. हात आधी चालू झाले, मग तोंड.

रक्तस्रावाच्या बाईची गोष्ट.

"बारा वर्सं आजारी होती बाप्पा ते बाई. सगळे वैद्य करून झाले. जवळचं सगळं विकलं. आजार तसाच, उलटा वाढून राहिला. लोक तिच्या जवळ बसत नव्हते. ते घरात कशी राहत असन, मी लय इचार करतो. मंग एक दिवस तो येऊन राहिला म्हनून तिनं आयकलं. एवढी गर्दी, हिले कोन जागा देते? तर ते मांगून घुसली. तोंड दाखवाची लाज. फकस्त कपड्याचा काठ धरला. फकस्त काठ."

बिडी बांधली. पुढची घेतली.

"तो थांबला. म्हने, कोन शिवलं मले? त्याचे लोक म्हनतेत, येवढे जन ढकलून राहिले, कोन शिवलं काय विचारता? पन त्याले समजलं होतं. ते बाई कापत पुढं आली, सगळं सांगून टाकलं. सगळ्याहिसमोर."

पा. पुढे वाकून ऐकत होते. चहा तसाच. मला वाटलं, झालं. खरंच वाटलं.

"मंग तो म्हनला, पोरी, तू बरी झाली. आता वैद्याकडे जाऊ नोको. गोळ्या सोड, शंका ठेवू नोको. जाय."

बिडी बांधून झाली. आईने मान वर केली. चेहरा मोकळा होता.

पा. नी डोळे मिटले होते. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "ताई, तुम्ही वाचा."

मी वाचलं. सगळी गोष्ट, हळू. शेवटच्या वाक्याशी थांबले. वैद्य नाही, गोळ्या नाहीत.

आई: "पुढच्या पानावर असन."

पान उलटलं. पुढे दुसरी गोष्ट होती.

"मांगच्या?"

मागचंही वाचलं.

तिचे हात थांबले. पत्ता बोटांत अर्धा वळलेला.

"मंग हे कोन म्हनलं होतं?"

तिने पायाकडे पाहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

पा. फक्त एवढंच म्हणाले, "म्हणूनच, मावशी." जिंकल्यासारखं म्हणाले नाहीत. त्यांचा चहा तसाच राहिला. सदानंदकाका सगळ्यांच्या आधी उठले.

२१ मार्च

आईने सूप उचललं नाही. कारखान्याचा माणूस माल न्यायला आला, त्याला उद्या ये म्हणाली.

मी काल रात्रीपासून एकच गोष्ट फिरवते आहे. ही गोष्ट मी तिला याआधी वाचून दाखवलेली आहे. कितीदा ते माहीत नाही, पण नक्की. प्रत्येक वेळी ते वाक्य त्यात नव्हतं. आणि प्रत्येक वेळी तिने ते त्याच्या जागी ऐकलं. म्हणजे नुसतं ऐकून तपासणी होत नाही. पा. बरोबर आहेत.

आणि तरी तबक तिच्यापुढून जाणं बरोबर आहे असं होत नाही. यातली पायरी कुठे निसटते ते सापडत नाही. डोकं चालत नाहीये. झोपते.

२३ मार्च

आईने मला तीच गोष्ट पुन्हा वाचायला लावली. सूप न घेता. मग पुन्हा. तिसऱ्यांदा शेवटाशी आले तर तिने हात वर केला: थांब, इथं संपते ना?

"इथे संपते."

"पक्कं?"

"पक्कं."

मग तिने सूप घेतलं.

२५ मार्च

संध्याकाळी घरी आले तर आई शेवंताकाकूंच्या ओसरीवर. त्यांना गोष्ट सांगत होती, हात चालू. शेवटाशी आली आणि म्हणाली, "शेवंता, मांगं मी तुले गोळ्याहिचं सांगतलं होतं ना, ते त्यातलं नोहोय. ते तेलवाल्यानं मधी टाकलं. तू तुह्या बीपीच्या गोळ्या खाय."

"मी कदी सोडल्या होत्या?" काकू म्हणाल्या. "म्हंजे तुमच्या पोथीतबी भेसळ करतेत का वो लोकं? मले वाटे दुधातच होते."

"पोथीत नाई केली. माह्या डोक्यात केली."

दोघी हसल्या. मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

२७ मार्च, शुक्रवार

सदानंदकाका मिलमध्ये आले होते. त्यांचं धान आमच्याकडेच येतं. नमुना बघायच्या निमित्ताने माझ्या खोलीत थांबले. दाणे हातात घेतले, परत ठेवले.

"आई कशी आहे?"

"बरी आहे."

"मी रोज वाचतो बाई. सकाळी उठून पहिलं तेच. तीस वर्सं झाली."

"माहीत आहे, काका."

"मीही ते तेल घेतलं होतं. गोळ्या नाई सोडल्या, बायको सोडू देत नव्हती. पन ते वाक्य..." थांबले. मशीन चालू होती, त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. "मलेही ते त्यातलंच वाटत होतं. मांगच्या शुक्रवारी तू वाचलं तवा समजलं."

मी विचारलं, "पा. ना सांगितलं?"

"सांगन."

दाराशी जाऊन म्हणाले, "त्या दिवशी तबक मी पुढं दिलं. मले सांगतलं होतं म्हनून."

मी काच पुसत राहिले.

ते गेल्यावर लक्षात आलं. सॉर्टेक्सने फेकलेला तांदूळ आपण पुन्हा एकदा त्यातूनच काढतो, कारण पहिल्या फेरीत चांगला दाणाही जातो. हे कोणी कमीपणाचं मानत नाही. मशीन चांगली असली तरी करतात. निसटलेली पायरी बहुधा हीच.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

आईने जायचंच म्हटलं. शिंदीची फांदी मिळाली, तीच हातात धरून बसली. मागच्या बाकावर, दाराजवळ. नेहमी पुढे बसते.

उपासनेनंतर पा. ना विचारलं, ईस्टरला काय? पुढचं प्रभुभोजन त्याच दिवशी आहे.

"विचार करतोय ताई. मावशींनी चूक मान्य केली हे मला कळलं. पण एकाला सवलत दिली तर वर्ग बंद पडेल."

"सवलत मागत नाहीये."

"मग?"

तेवढ्यात कोणीतरी त्यांना बोलावलं. आई रिक्षाजवळ ताटकळत उभी होती, उन्हात, एका पायावर जास्त भार देऊन. निघाले.

वाटेत ती म्हणाली, "भांडू नोको त्याहिच्याशी. चांगला मानूस आहे. दवाखान्यात आला होता."

"भांडत नाही."

"देलं तर घेईन. नाई देलं तरी जाईन."

"आणि मी घेऊ?"

रिक्षा खड्ड्यातून गेली. तिने माझा दंड धरला.

३० मार्च, सोमवार

समोरासमोर मला नीट बोलता येत नाही. लिहिता येतं. खालचा मजकूर पा. ना मोबाईलवर पाठवायचा. आधी आईला वाचून दाखवला. शेवटून सहाव्या वाक्याला तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "पाठव," म्हणाली. "खरं आहे तर पाठव."

*पाळकसाहेब, नमस्कार.*

*आईने गोष्ट चुकीची सांगितली, हे मान्य. तुमचं कारण मला पटतं. वर्ग बंद करू नये. आई येत राहील, तिला अक्षरं येवोत किंवा न येवोत.*

*पण चूक कळल्यावर तिने ती त्याच आठवड्यात दुरुस्त केली, आणि जिला चुकीचं सांगितलं होतं तिला जाऊन बरोबर सांगितलं. रोज शुभवर्तमान वाचणाऱ्या माणसालाही गोळ्यांचं ते वाक्य त्यातलंच वाटत होतं. ते कोण, हे ते स्वतः तुम्हाला सांगतील. वाचन हवं, पण कोणीतरी एकाने वाचावं आणि दुसऱ्याने त्याला थांबवून विचारावं, असंही ते होऊ शकतं. आमच्या घरी ते तसं होतं.*

*१ मार्चला तबक माझ्यापुढे थांबलं, कारण मला वाचता येतं. मी वाचते, पण माझा विश्वास नाही. आईचा आहे. तुमच्या नियमाने मी आत आणि ती बाहेर आहे.*

*ईस्टरला तबक तिच्यापुढे थांबणार की नाही, एवढंच विचारते. उत्तर काहीही असलं तरी माझ्यापुढे थांबवू नये.*

*कृपया गुरुवार, २ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवावं.*